पैसे रांगेत उभे असतात तेव्हा

लावणी उरकली, आता गणपतीची घाई सुरू होईल. गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या एका गटात जे झालं, ते आज तुम्हाला सांगणार आहोत. तशी वेळ आणखी कोणावर येऊ नये म्हणून.

पापडासाठी उडीद डाळ घ्यायची होती. सगळ्यांनी मिळून ४,२०० रुपये काढले आणि एका ताईच्या खात्यात ठेवले. तिने फोनवरून व्यापाऱ्याला पैसे पाठवले. पडद्यावर आलं, 'प्रक्रिया सुरू आहे'. दहा मिनिटं गेली. व्यापारी म्हणाला, पैसे आले नाहीत. ताईने पुन्हा पाठवले. ते लगेच पोचले आणि संध्याकाळी पहिलेही पोचले! दुसऱ्या वेळी गेलेले पैसे तिच्या मुलाच्या फीचे होते. बैठकीत कुणीतरी बोलून गेलं, "खरंच दोनदा गेले का?" ताई काही न बोलता उठून गेली. व्यापारी चांगला होता, चार दिवसांत त्याने पैसे परत केले. पण तो एक शब्द विसरायला ताईला बरेच दिवस लागले.

चूक ताईची नव्हती. मधली व्यवस्था कशी चालते, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. ते आज समजून घेऊ.

आपल्या कोलाडच्या स्टेशनवर मालाचे ट्रक रेल्वेवर चढवतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. रो-रो म्हणतात त्याला. कोकण रेल्वेने ही सेवा १९९९ साली सुरू केली. ट्रक कोणी सकाळी येतो, कोणी रात्री. कोणाच्या गाडीत लोखंड, कोणाच्या गाडीत किराणा. गाडी मात्र तिच्या वेळेलाच सुटते. मग मधल्या वेळात ट्रक कुठे असतात? यार्डात, रांगेत. ट्रकवाल्याला गाडीच्या वेळेवर धावत यावं लागत नाही आणि गाडीला एकेका ट्रकसाठी खोळंबावं लागत नाही. रांग आहे म्हणून दोघांचं जमतं.

पैशांचंही तसंच. आपली बँक वेगळी, व्यापाऱ्याची वेगळी. प्रत्येकीचे संगणक वेगळे, हिशेबाची रीत वेगळी. शेकडो बँकांनी एकमेकींशी थेट बोलायचं ठरवलं तर गोंधळच होईल. म्हणून मध्ये एक संस्था बसवली आहे, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, म्हणजे एनपीसीआय. ती २००८ साली स्थापन झाली आणि २०१६ साली तिने यूपीआय आणलं. आपण बटण दाबतो तेव्हा नोटा हलत नाहीत, एक निरोप निघतो. तो आपल्या बँकेकडून मधल्या व्यवस्थेकडे आणि तिथून व्यापाऱ्याच्या बँकेकडे जातो. पैसे जमा झाले की तिकडून पोच येते. एखादी बँक त्या वेळी कामाच्या ओझ्याखाली असेल, तर निरोप किंवा पोच अडकून राहते.

आता खरी गोम ऐका. पोच आली नाही, याचे दोन अर्थ होतात. एक, निरोपच पोचला नाही. दोन, निरोप पोचला, पैसेही जमा झाले, पण पोच वाटेत अडकली. इकडे बसलेल्याला यातलं काय झालं ते कळत नाही. म्हणून प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक दिलेला असतो. यंत्राने चौकशीसाठी तोच निरोप पुन्हा पाठवला तरी क्रमांक तोच राहतो. समोरची बँक ओळखते, 'हे काम आपण केलंय', आणि दुसऱ्यांदा पैसे टाकत नाही. पण आपण स्वतः पुन्हा बटण दाबतो तेव्हा नवा क्रमांक तयार होतो. यंत्राच्या हिशेबी तो नवाच व्यवहार. आमच्या ताईचे पैसे दोनदा गेले ते असे.

दुसरा प्रश्न आम्हाला प्रत्येक बैठकीत विचारतात. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये शेजारणीला आज आले, मला का नाही? दुकानदाराला आपण देतो ती रक्कम एकेक करून लगेच निघते. सरकारी मदतीचं तसं नसतं. लाखो नावांच्या याद्या गठ्ठ्यागठ्ठ्याने पुढे जातात, आणि प्रत्येक बँक आपला गठ्ठा आपल्या गतीने उरकते. गणपतीत जादा गाड्या सुटल्या की वीरच्या पुढे एकेरी मार्गावर कोणती गाडी आधी सोडायची, कोणती थांबवायची, हे त्या त्या वेळची परिस्थिती बघून ठरवावं लागतं. तसंच हे. एका बँकेचं काम तुंबलं म्हणून बाकीच्यांनी थांबू नये, यासाठी कामं अशी वेगवेगळी लावलेली असतात. म्हणून एक-दोन दिवस मागेपुढे झाले तर घाबरू नका.

पण आठवडा उलटला, गावातल्या बाकीच्यांना मिळाले आणि तुम्हालाच नाही, तर ती रांग नसते. तेव्हा आधार जोडणी तपासा. आधारवरून येणारे पैसे आपण फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. ज्या बँकेत आधार शेवटचं जोडलं असेल, तिथे ते जातात. आमच्या एका ताईचे पैसे तिच्या जुन्या, विसरलेल्या खात्यात पडून होते. कोणत्या बँकेला आधार जोडलंय, हे 'माय आधार'च्या संकेतस्थळावर दिसतं. सीआरपी ताईला सांगा, ती बघून देईल.

आता लक्षात ठेवायच्या गोष्टी.

'प्रक्रिया सुरू आहे' असं दिसलं तर पुन्हा पैसे पाठवू नका. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक वहीत लिहून घ्या आणि समोरच्याला सांगा.

खात्यातून पैसे कापले गेले पण समोरच्या माणसाच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांपर्यंत. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०१९ चा आहे. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने आपणहून द्यायची असते.

पैसे आले नाहीत तर बँकेत लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

आणि पैसे परत मिळवून देतो असं सांगून कुणी पिन मागितला, तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० ला फोन करा.

आमच्या गटाने आता हिशेबाच्या वहीत एक रकाना वाढवलाय, व्यवहार क्रमांकाचा. पैसे अडकले की तो क्रमांक सगळ्यांसमोर वाचला जातो. कुणी कुणाकडे संशयाने बघत नाही. यंदाची डाळ त्याच ताईने मागवली आहे, सगळ्यांनी तिलाच सांगितलं. तुमच्याही वहीत हा रकाना आजच आखून घ्या.