झुंड आणि वाघ : ड्रोनच्या खेळातला तोल

संगणकावरच्या अंतराळयुद्धाच्या खेळांत एक वाद कधी संपत नाही : ड्रोन जास्त भारी की ड्रोन पाडणारे? हा पेच समजून घ्यायला चांदवडहून फार दूर जावे लागत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत बैठ्या खेळांचे पट कातळात कोरलेले आहेत आणि आपल्या आजोळच्या ओट्यांवर वाघ-बकरीचा डाव खडूने मांडला जाई. वाघ-बकरी हा झुंडीचाच खेळ आहे.

त्याचे नियम मुलखागणिक बदलतात. नेपाळातल्या प्रकारात 25 ठिपके, 4 वाघ आणि 20 बकऱ्या असतात. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला मारता येत नाही, तिने वाघाला कोंडायचे. शिवाय सगळ्या बकऱ्या पटावर येईपर्यंत एकही बकरी हलवता येत नाही. बळ इतके विषम, तरीही दोन्ही बाजू बिनचूक खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो, हे संशोधकांनी संगणकाच्या मदतीने सिद्ध केले आहे. तोल म्हणजे सारखे बळ नव्हे. प्रत्येक बळाला त्याची अडचण जोडलेली असणे म्हणजे तोल.

आता ‘ईव्ह ऑनलाइन’ पाहू. आइसलँडच्या सीसीपी कंपनीने 2003 मध्ये आणलेल्या या खेळात हजारो खेळाडू एकाच अंतराळात वावरतात. सर्वसाधारण जहाजातून एका वेळी जास्तीत जास्त 5 ड्रोन सोडता येतात. तेही आयते मिळत नाहीत : ड्रोनच्या मूळ कौशल्याच्या 5 पायऱ्या आहेत, दर पायरीला एक ड्रोन वाढतो आणि पुढची पायरी शिकायला आधीच्यापेक्षा कितीतरी पट वेळ लागतो. शिवाय जहाजाची ड्रोन सांभाळण्याची क्षमता मोजलेली असते. हलक्या ड्रोनला 5, मध्यमला 10, जड ड्रोनला 25 एकक लागतात. 50 एककांच्या जहाजाने दोन जड ड्रोन सोडावेत की पाच मध्यम, हे मालकाने ठरवायचे. घाईने पळ काढला, तर बाहेर असलेले ड्रोन मागेच राहतात.

समोरच्याकडेही उपाय आहेत. ड्रोन एकेक करून टिपता येतात. पण तेवढा वेळ मूळ जहाज मोकळे राहते. दुसरा उपाय स्मार्टबॉम्ब. तो आपल्याभोवतीच्या ठरावीक अंतरातले सगळे भाजून काढतो. मात्र त्यात मित्राचे जहाजही होरपळते आणि लांबवर थांबून मारा करणाऱ्या ड्रोनपर्यंत तो पोचत नाही. म्हणजे इथेही प्रत्येक बळामागे एक अडचण आहेच.

तरीही हा तोल एकदा ढळला, आणि तो ड्रोनच्या ताकदीमुळे नव्हे. आपले ड्रोन साथीदाराच्या हवाली करण्याची सोय खेळात होती. त्याने नेम धरला की हवाली केलेले सगळे ड्रोन तिकडेच मारा करत. मोठ्या फौजांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. एकजण नेम धरी आणि शेकडो खेळाडू नुसते पाहत बसत. अखेर 2014 मध्ये कंपनीने मर्यादा घातली : एका खेळाडूच्या हाती जास्तीत जास्त 50 ड्रोन. पाचाच्या हिशेबाने हे दहा जणांचे ड्रोन झाले. ड्रोनचा मारा घटवला असता, तर एकटादुकटा लढणारा नवखाही दुबळा झाला असता. या मर्यादेने त्याला धक्का लागला नाही. अडली ती फक्त एका हाती एकवटलेली झुंड.

वाघ-बकरीत वीसही बकऱ्या एकाच हाताने चालतात आणि त्यात कुणाचे काही बिघडत नाही, कारण त्या सोंगट्या आहेत. ऑनलाइन खेळात मात्र प्रत्येक बकरीमागे एक माणूस बसलेला असतो. त्याने महिनोन्‌महिने कौशल्य शिकायचे आणि ऐन लढाईत निर्णय दुसऱ्याने घ्यायचा, तर आकडे जुळूनही तो खेळ त्याचा राहत नाही. उलट, एकाच स्मार्टबॉम्बने सगळे ड्रोन हमखास राख होऊ लागले, तर शिकण्यात घातलेले ते महिनेही वाया जातात.

म्हणून अशा खेळाचा तोल तपासताना कोणाचा मारा किती, हा पहिला प्रश्न नव्हे. हरणाऱ्याला वेगळी चाल खेळायला वाव होता का आणि जिंकणाऱ्याने काही पणाला लावले होते का, हे आधी विचारावे. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर वाघ आणि बकऱ्या एका पटावर नांदू शकतात.