दहा बोटं राखा!

सभासद बंधूंनो, चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात. काठी एकजण पेलतो, पण तोल राहतो तो दोऱ्या धरणाऱ्यांमुळे. यंत्राच्या गोल करवतीचेही तसेच आहे. लाकूड एकजण लोटतो. त्याला सांभाळणारी साधने मात्र आपण अडचण म्हणून काढून ठेवतो.

अमेरिकेत स्टीफन गॅस या पदार्थविज्ञान शिकलेल्या वकिलाने १९९९ साली बोट लागताच थांबणारी करवत बनवली. कोरड्या लाकडातून वीज फारशी वाहत नाही, अंगातून वाहते. हा फरक ओळखून यंत्र ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसवते आणि सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात पाते बंद! पाते आणि ठोकळा बाद होतात, बोट बहुधा ओरखड्यावर निभावते. लाकूड ओले असले तर मात्र ती उगीचही थांबते.

अशी महागडी करवत आपल्या गावच्या शेडात कुठली यायची? पण पात्यावर झाकण, चीर मिटू नये म्हणून पात्यामागे पट्टी आणि शेवटची वीत लोटायला काठी, एवढे तर जमेल? चीर मिटली की लाकूड उसळून अंगावर येते. हातमोजे घालू नका, ते पात्यात ओढले जातात. पाते बदलताना आधी वीज तोडा.

१९४८ च्या कारखाने कायद्याचे कलम २१ धोक्याचे भाग २०२५ पर्यंत झाकायला लावत असे. घरच्या शेडात बघायला कोण येतंय? तिथं आपणच बघायचं.

हंगामाआधी गाडीची दुरुस्ती निघेल. "एवढी एकच फळी" म्हणताना गेलेलं बोट परत येत नाही. पुढच्या चैत्रात दोरी धरायला दहाही लागतील. चांगभलं!