यंत्राच्या कानाने विमानप्रवास

विमानाने जाणे ही आता इंदुरात नवलाई राहिलेली नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत मुंबईस जावयाचे म्हणजे रात्रभराची आगगाडी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा. आज सकाळी राजवाड्यावरून रिक्षा केली, की दुपारच्या पानावर माणूस मुलाच्या घरी हजर! तथापि ज्यांच्या कानांनी दगा दिला आहे, त्यांना हा तासा-सव्वातासाचा प्रवास रात्रभराच्या आगगाडीहून अवघड वाटतो. आगगाडीत शेजारी विचारावयास वेळ असतो, स्थानकाचा फलक खिडकीतून वाचता येतो. विमानाचा कारभार मात्र घाईचा आणि पुष्कळसा तोंडी. दार बदलले, उशीर झाला, पट्टा बांधा, पट्टा सोडा. सारे कोणीतरी बोलावयाचे आणि आपण ऐकावयाचे.

पन्नाशीच्या सुमारास माझे दोन्ही कान गेले. साध्या श्रवणयंत्राचा उपयोग होईना, तेव्हा सहा वर्षांपूर्वी मुंबईस उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवून घेतले. त्यानंतर लेकीकडे बंगळूरला आणि मुलाकडे मुंबईला अनेकदा विमानाने जाऊन आलो. पुष्कळ मंडळी विचारतात, “डोक्यात यंत्र असताना विमान चालते का?” त्यांच्यासाठी हा लेख.

प्रथम यंत्राची ओळख. आपल्या अंतर्कर्णात शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिच्यातल्या पंधरा हजारांच्या आसपास सूक्ष्म केसपेशी आवाजाचे संदेश मज्जातंतूकडे पोहोचवितात. साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करते. पण पेशीच मेल्या असतील तर मोठा आवाज घेऊन करावयाचे काय? इम्प्लांट त्या पेशींना वगळून श्रवणाच्या मज्जातंतूला थेट विजेचे संकेत देते. कानामागे अडकविलेला भाग आवाज टिपतो. त्याला जोडलेली एक चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटून राहते आणि कातडीखालच्या भागाकडे संदेश धाडते. तेथून एक बारीक तार त्या शंखात शिरते. बाहेरचा भाग काढला, की मी ठार बहिरा. हे एवढे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.

ही विद्या फार जुनी नाही. १९५७ साली पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस या दोघांनी श्रवणाच्या मज्जातंतूला प्रथम विजेची चेतना दिली. १९६१ साली लॉस एंजल्सच्या विल्यम हाउस यांनी रुग्णांत असे यंत्र बसविले. १९७८ साली मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्क यांनी अनेक अग्रांचे यंत्र बसविले आणि त्यातून शब्द कळण्याची वाट मोकळी झाली. क्लार्क यांचे वडील स्वतः कानाने अधू होते. मुलाने त्या दुःखाचे सोने केले. आपल्याकडे हे काम रुजविणाऱ्यांपैकी मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली.

आता विमानतळावर चलावे. पहिली पायरी तपासणीची. धातू शोधणाऱ्या कमानीतून जाण्याने इम्प्लांटला अपाय होत नाही. मात्र कातडीखालच्या धातूमुळे कमान ओरडू शकते. म्हणून इस्पितळातून मिळालेले ओळखपत्र पाकिटात न ठेवता हातातच धरावे. यंत्रात टेलिकॉइलची सोय चालू असेल, तर ती कमानीखाली जाण्यापूर्वी बंद करावी, नाहीतर गुणगुण ऐकू येते. एका विमानतळावर एका तरुण जवानाने मला फर्मावले, “मशीन निकालो.” मी ओळखपत्र पुढे केले आणि म्हटले, “निकालता हूँ, पर फिर आपकी एक भी बात सुनाई नहीं देगी. इशारे से बताइयेगा.” तो क्षणभर थबकला, हसला आणि यंत्र न काढताच हाताने तपासून त्याने मला पुढे सोडले. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. त्याला ठाऊक नव्हते इतकेच. जेथे एकामागून एक हुकूम सुटतात, नेमके तेथेच माणसाचा कान काढून तबकात ठेवावयास सांगणे किती विपरीत आहे, हे तोवर त्याला कोणी सांगितले नसावे. आपण सांगितले पाहिजे, आणि तेही आधी.

तिकीट काढतानाही ऐकू कमी येते हे कळवावे. याचा एक गमतीदार परिणाम मी भोगला आहे. एकदा माझ्यासाठी चाकांची खुर्ची घेऊन माणूस दारात उभा! कान गेला आहे, पाय नव्हे, हे पटविता पटविता पुरेवाट झाली. तरी कळविणे सोडू नये. दार बदलले तर निदान कोणी येऊन खुणेने सांगतो. देशातल्या काही मोठ्या विमानतळांनी घोषणा पुष्कळ कमी करून सारा भर फलकांवर दिला आहे. तेथे मला फार बरे वाटते. सगळेच प्रवासी माझ्यासारखे डोळ्यांनी ऐकत असतात!

जादा बॅटऱ्या, चकती, तार हे सारे हातातल्या पिशवीत असावे. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या सामानात टाकावयास बंदीच आहे. शिवाय पेटी चुकून दुसऱ्या गावी गेली, तर तिच्याबरोबर आपला कानही जावयाचा. जागा निवडताना माझे गणित असे: इम्प्लांट उजव्या कानात, म्हणून मी डाव्या खिडकीशी बसतो. सोबतीचे माणूस आपोआप चांगल्या कानाशी येते. मान कलंडून झोप लागली, की चकती सुटून खाली पडते, तेवढे सांभाळावे.

विमान उडताना यंत्र बंद करावे काय? मुळीच नाही. विद्युत उपकरणांवर निर्बंध घालणाऱ्या अमेरिकी नियमांतही श्रवणयंत्र आणि हृदयाचे पेसमेकर यांना आरंभीच वगळले आहे. यंत्राला ब्लूटूथ असेल तर फोनप्रमाणे ते विमानाच्या सोयीवर टाकावे; ऐकणे चालूच राहते. धोक्याच्या सूचना ऐकावयाच्या वेळी कान मिटून बसण्यात शहाणपण कसले?

खरी अडचण वेगळीच आहे. विमानाची घरघर ऐंशी डेसिबेलच्या आगेमागे असते, आणि गोंगाटातून शब्द वेचणे हेच इम्प्लांटला सर्वांत जड जाते. पंधरा हजार पेशींचे काम यंत्राला बारा ते बावीस अग्रांवर भागवावे लागते. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात हे समजावून सांगणे सोपे आहे: गळ्याची मींड पेटीवर येत नाही, पट्टी आणि पट्टी यांच्यामधला स्वर पेटीपाशी नसतोच. माझा कान असा पेटीचा कान आहे. घरात समोरासमोर बसून गप्पा मारताना तो सुरेख वाजतो. विमानात मात्र वैमानिकाचे बोलणे म्हणजे नुसती भात्याची हवा. अशा वेळी हवाईसुंदरीस सरळ सांगावे, “मला लिहून दाखवा.” आजवर कोणी नकार दिलेला नाही.

उतरताना कानात दडे बसतात, ते इतरांसारखेच. हवेचा दाब मधल्या कानात समतोल व्हावा लागतो आणि इम्प्लांटने त्यात फरक पडत नाही. खडीसाखर चघळावी, आवंढा गिळावा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मात्र शल्यचिकित्सकाचा सल्ला घेतल्यावाचून विमानात पाऊल ठेवू नये.

हे सारे तपशील झाले. परंतु आपल्या जुन्या घरांतून मी पाहतो, माणसे विमानाला भीत नाहीत. चारचौघांत “मला ऐकू येत नाही” असे म्हणावयास भितात. टोपीखाली, पदराखाली यंत्र झाकतात. पुढे पुढे प्रवासच टाळतात. नातवाची मुंज, भाचीचे लग्न फोटोंत पाहतात आणि प्रकृतीचे निमित्त सांगतात. उलट, सरकारी योजनेतून लहानपणीच इम्प्लांट मिळालेली मुले आज रंगीत चकत्या मिरवीत शाळेत जातात. उद्या तीच एकटी विमानाने जातील. त्यांना लपविण्याचे वळण आपल्याकडून न मिळाले, तर बरे. यंत्र उघडे ठेवावे, ओळखपत्र हातात असावे, आणि समजले नाही तर पुन्हा विचारावे. पुन्हा विचारण्यात कमीपणा कसला? ज्यांचे कान धड आहेत, तेही त्या घरघरीत शेजाऱ्याला हेच विचारीत असतात, “काय म्हणाले हो?”