अद्भुतातील माणसे

मराठीतील अद्भुत आणि विज्ञानप्रधान वाङ्मयाचा विषय निघाला की एक आक्षेप हटकून पुढे येतो, आणि तो घेणारी मंडळी मोठी अधिकारपदे भूषविणारी असल्यामुळे त्याचा प्रतिवाद करावयास सहसा कोणी धजत नाही. या वाङ्मयात कल्पना आहेत, चमत्कार आहेत, यंत्रे आणि राक्षसही आहेत; परंतु माणूस नाही, असा तो आक्षेप. उभी हयात मुलांना शिकविण्यात आणि असल्याच ग्रंथांच्या वाचनात घालविलेल्या मला तो कधीही मान्य झाला नाही. ज्या कथेत भोवतालचे सारे जगच पालथे होते, तीत त्या उलथापालथीत सापडलेला माणूस कोणत्या मुशीतला आहे हे जितके स्वच्छ दिसते, तितके ते दिवाणखान्यात बसून चहा पिणाऱ्या सामाजिक कादंबरीच्या नायकाविषयी क्वचितच दिसते. अघटित समोर ठाकले असताही ज्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही आणि आपली बुद्धी निजू दिली नाही, तीच पात्रे आपल्या मनात घर करून राहिली, असे माझे म्हणणे आहे. आणि हा आढावा मी त्याच पक्षाने घेणार आहे.

वर्धा जिल्ह्यातील सेलूसारख्या गावी राहणाऱ्या माणसास अद्भुताच्या शोधात दूर जावे लागत नाही. नागपूरच्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर केळझर लागते. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, अशी या मुलखातील पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. तेथील सिद्धिविनायकाला एकचक्रा गणेश हे नावही त्यावरूनच पडले आणि इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनीही ही आख्यायिका आपल्या दप्तरात नोंदवून ठेवली. बकासुराला पोहोचता करावयाचा खंडणीचा तपशील आदिपर्वात दिला आहे: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. लहानपणी वडिलांबरोबर बंडीतून केळझरला जाताना ही कथा मी ऐकली तेव्हा, सारा भात स्वतःच फस्त करून मग राक्षसाला आडवा करणारा भीमच अर्थातच माझा नायक होता. पुढे मूळ आख्यान वाचले आणि माझे मन दुसऱ्याच एका पात्रावर जडले. ज्या ब्राह्मणाच्या घरी पाळी आलेली असते तेथे नवरा म्हणतो मी जातो, बायको म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मी. आणि या रडारडीत त्या घरचा अगदी लहान मुलगा हातात गवताची काडी घेऊन, बोबड्या बोलांनी, या काडीने मी त्या राक्षसाला मारतो असे सर्वांना सांगतो. व्यासांनी त्या मुलाला नावसुद्धा दिलेले नाही. पण त्या अपार दुःखातही घरच्या माणसांच्या मुद्रेवर क्षणभर हर्ष उमटतो, तो त्याच्यामुळे. आणि तो पाहूनच कुंती पुढे होऊन आपल्या पुत्राला पाठविण्याचे वचन देते. मला विचाराल तर भारतीय अद्भुतकथेतील पहिला वीर तो काडीवाला मुलगा होय, भीम त्याच्या मागून आला.

दुसरा वीर गोदातीरीचा. वेताळाला खांद्यावर घेऊन स्मशानातून चालणारा राजा उज्जयिनीचा विक्रमादित्य अशी आपली सार्वत्रिक समजूत आहे, आणि 'चांदोबा'तील चित्रकार शंकर यांच्या त्या अविस्मरणीय चित्राने ती दृढही केली. परंतु अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने रचलेला 'कथासरित्सागर' उघडून पाहावा, म्हणजे हा राजा त्रिविक्रमसेन नावाचा असून त्याची राजधानी गोदावरीच्या काठचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण, असल्याचे दिसून येईल. ज्या बृहत्कथेतून हा सागर भरला ती रचणारा गुणाढ्यही परंपरेने सातवाहनांच्याच दरबारातला. विज्ञानकथेप्रमाणेच अद्भुतकथाही आपण बाहेरून आणली असे सांगणाऱ्यांनी पैठणचा हा दाखला विसरू नये.

या राजाची थोरवी मी वर्गात पुनःपुन्हा सांगत आलो आहे. एका भिक्षूला त्याने शब्द दिला आहे, म्हणून अमावास्येसारख्या काळ्या रात्री तो शिंशपेच्या झाडावरचे प्रेत उतरवितो. वाटेत वेताळ कथा सांगून प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर मस्तक फुटावयाचे, आणि बोलला तर मौन मोडून प्रेत पुन्हा झाडावर जावयाचे. दुसरा कोणी असता तर दोन-चार खेपांनंतर शब्दही सोडता आणि प्रेतही. त्रिविक्रमसेन प्रत्येक वेळी न्यायबुद्धीने उत्तर देतो आणि प्रत्येक वेळी, कुरकुर न करता, त्या झाडाकडे परत वळतो. शेवटच्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नसते. तेव्हा तो खोटे उत्तर रचीत नाही, मुकाट्याने चालत राहतो, आणि त्याच्या या मौनावर प्रसन्न होऊन वेताळ त्याला भिक्षूच्या कपटाची जाणीव करून देतो. ठाऊक असेल ते निर्भयपणे बोलावे व ठाऊक नसेल तेथे गप्प राहावे, ही शास्त्रज्ञाची सारी नीती या एका रात्रीत सामावली आहे. अखेरीस वर मागण्याची वेळ येते तेव्हाही तो या कथा जगात प्रसिद्ध व्हाव्यात एवढेच मागतो. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० साली छापून निघाली तेव्हा मराठी मुद्रणाचे अजून बाळपणच चालू होते. राजाच्या त्या मागणीचा मान मराठीने इतक्या लवकर राखला याचा मला अभिमान वाटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' इत्यादी कादंबऱ्यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. त्यांतील राजपुत्र आणि राजकन्या परस्परांच्या जागी ठेवल्या तरी कथेत अंतर पडू नये. नाथमाधवांचा 'वीरधवल' मात्र आमच्या वडिलांच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात पारायणे करून वाचला, आणि सिंहगडाच्या कड्यावरून पडून अपंग झालेल्या लेखकाने तो लिहिला हे कळल्यावर त्यातील धावपळीला वेगळेच मोल येते. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळ कोकिळ' मासिकातून विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्नची चंद्रलोकाची सफर मराठीत उतरली, श्री. बा. रानडे यांच्या 'तारेचे हास्य' या कथेकडे आद्य स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून बोट दाखविले जाते. पुढे भा. रा. भागवतांनी 'पाताळलोकची अद्भुत सफर', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशी व्हर्नची भाषांतरे इतक्या प्रसन्न मराठीत केली की तो लेखक पुण्यातच कोठे तरी राहतो अशी माझी कित्येक दिवस समजूत होती.

व्हर्नच्या कॅप्टन नेमोवर मात्र मराठी वाचकाचा खास हक्क आहे. समुद्राच्या तळाशी नॉटिलस घेऊन फिरणारा, जगाशी वैर धरलेला हा पुरुष मूळचा कोण, याचा उलगडा व्हर्नने १८७५ सालच्या 'गूढ बेटा'च्या कादंबरीत केला: तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानाच्या नात्यातला, १८५७ च्या युद्धात लढलेला आणि त्या युद्धात घरदार, बायकामुले गमावलेला. झाशी ज्या मुलखात आहे त्याच मुलखातला हा राजपुत्र पराभवानंतर तलवार ठेवून विद्युच्छक्ती आणि यंत्रशास्त्र हाती घेतो. एका फ्रेंच लेखकाने आपल्या पराभूत पिढीला असा वारस दिला, आणि आपल्या समीक्षकांना त्याची साधी दखलही घ्यावीशी वाटली नाही, हे मला नेहमी खटकत आले आहे.

येथे एका दुसऱ्या पंथाशीही मला भांडावयाचे आहे. पुष्पक विमान खरोखरच उडत होते, ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्बच, असे व्यासपीठावरून ठणकावून सांगणारी मंडळी अद्भुतावर आपले मोठे प्रेम असल्याचे मानतात. वास्तविक त्यांच्याइतके अद्भुताचे नुकसान कोणी केले नसेल. कथेला खरेपणाचे दाखले जोडू पाहणारा मनुष्य कथेवर विश्वास ठेवीत नाही आणि विज्ञानावरही नाही. आमच्या जिल्ह्यातील गिरडच्या टेकडीवर गोल, सुपारीसारखे दिसणारे खडे सापडतात. शेख फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल दगड झाला अशी तेथील कथा, आणि बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढलेली ही झिओलाइट खनिजे आहेत असे भूशास्त्र सांगते. मी मुलांना दोन्ही सांगत असे, आणि एका गोष्टीने दुसरीचा आनंद उणावल्याचे कोणा मुलाच्या मुद्रेवर मला दिसले नाही.

आता ज्या लेखकासाठी मी अनेक सभांतून आणि वाचनालयाच्या बैठकांतून वाद घातले, त्यांच्याकडे वळतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' नावाची कथा आली. नावाची आद्याक्षरे उलटी केलेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मजकूरही पत्नीच्या हातचा. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग लेखक डॉ. जयंत विष्णु नारळीकर असल्याचे उघड झाले. जगन्मान्य शास्त्रज्ञाने आपल्या कीर्तीचे वजन पारड्यात न टाकता नवशिक्याप्रमाणे स्पर्धेत उतरावे, हेच मुळी एखाद्या कथेतील पात्राला शोभणारे वर्तन होते. पुढल्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या प्रवाहाचे स्वागत केले. लोककथा आणि जातककथा यांत आयुष्य वेचलेल्या विदुषीलाच विज्ञानकथेचे मर्म प्रथम उमगावे, यात मला यत्किंचितही आश्चर्य वाटत नाही. एकाच वंशवृक्षाच्या त्या दोन फांद्या आहेत.

नारळीकरांच्या पात्रांत माझे सर्वाधिक आवडते पात्र म्हणजे 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतील प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे. पानिपतावर मराठे जिंकले असते तर काय झाले असते, या विचारात गढलेला हा इतिहासकार अपघाताने अशा जगात जाऊन पडतो की जेथे ते खरोखरच जिंकले आहेत. विश्वासरावांना गोळी लागलेली नाही, आणि इंग्रजांचा अंमल मुंबईसारख्या थोड्या ठिकाणांपुरता उरला आहे. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या लेखकाचा नायक शस्त्र शोधता किंवा तेथील राज्यकर्त्यांना भविष्य सांगून वैभव मिळविता. गंगाधरपंत ग्रंथालयात जातात! टाउन हॉलमधील ग्रंथालयात बसून ते इतिहासाचे खंड क्रमाने वाचीत जातात आणि आपले जग व हे जग यांची वाट नेमकी कोणत्या क्षणी फुटली याचा कागदोपत्री माग काढतात. सारे परिचित जग नाहीसे झालेले, मुलाचा पत्ता लागत नाही, आणि हा गृहस्थ साधने तपासतो आहे. वेताळाच्या प्रश्नाला न डगमगता उत्तर देणारा पैठणचा राजा मला येथे पुन्हा भेटतो.

संध्याकाळी ते आझाद मैदानावरच्या सभेत जातात. व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी पाहून त्यांना राहवत नाही आणि ते जाऊन तीत बसतात. त्या जगाने अध्यक्ष आणि त्यांची भाषणे केव्हाच बंद केलेली असतात, त्यामुळे श्रोते खवळतात, आणि त्या गदारोळात पंत आपल्या जगात परत येतात ते खिशात बखरीचे एक पान घेऊन. आणि मग ते काय करतात? ते पान राजेंद्र देशपांडे या शास्त्रज्ञ मित्रापुढे ठेवून आपल्या अनुभवाची चिकित्सा करवून घेतात. स्वतःला दिसले म्हणून ते खरे, असा त्यांचा हट्ट नाही. अनुभवाला पुराव्याची जोड देऊन तो दुसऱ्याच्या परीक्षेला रुजू करणारा असा नायक जगाच्या विज्ञानकथेतही विरळाच.

ही कथा मी नववीच्या वर्गात वाचून दाखवीत असे. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, मंग थ्या जगात आपलं सेलू असन का?" आम्ही मग पूर्ण तास त्यावरच घालविला. इंग्रजी राज्य आले नसते तर १८५३ साली तिसरे रघुजी निपुत्रिक वारल्यावर डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले नसते आणि हा मुलूख भोसल्यांकडेच राहिला असता; १८६२ चा वर्धा जिल्हा आणि १८६६ साली वसविलेले वर्धा शहर झाले नसते; आणि १९३६ साली गांधीजी शेगावात राहावयास आले नसते, म्हणजे सेवाग्रामही नसते. शेवटच्या वाक्याशी वर्ग एकदम शांत झाला. त्या मुलांतील काही जण सुट्टीच्या दिवशी सायकली घेऊन आश्रमात जाऊन आले, पूर्वी अनेकदा पाहिलेलाच आश्रम नव्याने पाहण्याकरिता. पात्र स्फूर्ती देते म्हणजे काय करते, याचे याहून प्रत्यक्ष उदाहरण माझ्यापाशी नाही.

नारळीकरांच्या बरोबरीने बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनी विज्ञानकथा समृद्ध केली. अरुण साधूंनी 'विप्लवा' लिहिली. यांतील कल्पना उंच आहेत, पण नाव घेताच डोळ्यांसमोर उभी राहणारी पात्रे मोजकी. नारायण धारपांच्या 'समर्थां'ना भयकथेच्या कोपऱ्यात टाकून देणाऱ्यांना मी इतकेच सांगेन की तेथे अमानुष शक्तीपुढे उभा राहणारा पुरुष संयमी व अभ्यासू आहे आणि मोबदल्याची अपेक्षा करीत नाही. जी. एं.च्या 'रमलखुणा'तील प्रवासी माणसे स्फूर्ती देत नाहीत, थरकाप उडवितात. त्यांचा विचार स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आणि आज? 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' चालविणाऱ्या अनंत अंतरकरांसारखा, अद्भुताला मानाचे पान देणारा संपादक मला दिसत नाही. दिवाळी अंकांत बारा राशींच्या भविष्याला जागा पुरते, विज्ञानकथेला चार पाने देताना मात्र काटकसर आठवते. मुलांच्या वह्यांवर परदेशी चित्रपटांतील बलदंड वीर छापलेले असतात. त्यांच्यापाशी सामर्थ्य अमाप, पण शंका विचारण्याची सवड एकालाही नाही. खेड्यापाड्यांतील लहान वाचनालये तुटपुंज्या अनुदानावर कशीबशी दारे उघडी ठेवतात. नवे लेखक यंत्रबुद्धी, मंगळावरील वसाहती यांवर पुष्कळ लिहितात, पण त्यांच्या कथेतून यंत्र काढून घेतले तर मागे कोणी उरत नाही. पूर्वीच्या वाङ्मयावर जो आक्षेप अन्यायाने घेतला गेला तो आजच्या वाङ्मयाला लागू पडू लागला आहे, हे मला कष्टाने नमूद करावे लागते.

२०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. त्यांच्यावर मृत्युलेख पुष्कळ आले आणि बहुतेकांत त्यांच्या विश्वशास्त्राचा गौरव झाला; गंगाधरपंतांची आठवण थोड्यांनाच झाली. दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे की पुढल्या वर्षी निदान एक फर्मा नव्या अद्भुतकथेसाठी आणि विज्ञानकथेसाठी राखून ठेवावा, आणि कथा निवडताना तीतील माणूस कोण आहे हे आधी विचारावे. आणि वाचकहो, आपल्या घरात नववी-दहावीतले मूल असेल तर या सुट्टीत 'गंगाधरपंतांचे पानिपत' त्याला मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्या दुसऱ्या जगात आपले गाव असते का, हे त्याच्याकडूनच काढवून घ्या.