आवाज चढताच रिसीव्हर बंद का पडतो?

चित्रपट ऐन रंगात आलेला असतो, पार्श्वसंगीत टिपेला पोहोचते आणि नेमक्या त्याच क्षणी होम थिएटरचा रिसीव्हर ‘टक्’ असा आवाज करून बंद पडतो. हलक्या आवाजात मात्र तोच संच तासन् तास विनातक्रार चालतो. अशा वेळी संच निकामी झाला असे समजून नव्या खरेदीचा विचार सुरू होतो. ही घाई टाळावी. पुष्कळदा दोष रिसीव्हरमध्ये नसून त्याच्या बाहेर असतो आणि बंद पडून तो स्वतःचा बचावच करीत असतो.

स्पीकरला वीज पुरवणाऱ्या ट्रान्झिस्टरमधून मर्यादेबाहेर प्रवाह वाहू लागला किंवा त्यांचे तापमान फार वाढले, की रिसीव्हरमधील संरक्षक यंत्रणा जोडणी तोडते. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर दुप्पट शक्ती लागते, १० डेसिबलने वाढवायचा तर दहापट! म्हणूनच हलक्या आवाजात झाकलेला दोष आवाज चढवताच उघडा पडतो.

यात कळीचा मुद्दा स्पीकरच्या रोधाचा. हा रोध ओहममध्ये मोजतात. रिसीव्हरने २० व्होल्टचा दाब दिला, तर ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर प्रवाह घेतो आणि ५० वॅट शक्ती खर्च होते. ४ ओहमचा स्पीकर त्याच दाबाला ५ अँपिअर व १०० वॅट घेतो. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीवर समांतर जोडले, तरी परिणाम ४ ओहमचाच होतो. रिसीव्हरच्या पाठीमागे किमान रोधाचा आकडा छापलेला असतो. आपले स्पीकर त्याहून कमी ओहमचे नाहीत ना, हे प्रथम पाहावे.

त्यानंतर वायरी तपासाव्यात. रिसीव्हर बंद करून प्लग काढावा. तांब्याची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला किंवा धातूच्या पेटीला टेकली असेल, तर तेवढे शॉर्ट सर्किट पुरेसे असते. गालिच्याखाली दबलेल्या किंवा दारात चेमटलेल्या वायरीही पाहाव्यात. मग सर्व स्पीकर सोडवून रिसीव्हर सुरू करावा व आवाज हळूहळू वाढवावा. तरीही तो बंद पडला, तर दोष रिसीव्हरमध्ये किंवा वीजपुरवठ्यात आहे. चालू राहिला, तर प्रत्येक वेळी प्लग काढून एकेक स्पीकर जोडत जावे. ज्या स्पीकरपाशी संच बंद पडेल, त्याला दुसरी वायर लावून पाहावी. म्हणजे दोष वायरीचा की स्पीकरचा, याचा उलगडा होतो.

काही मिनिटे चालल्यावरच संच बंद पडत असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. दिवाणखान्यातील शोकेसच्या बंद कप्प्यात रिसीव्हर कोंबणे किंवा त्यावर डीव्हीडी प्लेअर वा सेट टॉप बॉक्स ठेवणे टाळावे. वरची झरोक्याची जाळी मोकळी हवी. परदेशातील आप्तांनी अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा संच आपल्याकडील २३० व्होल्टवर चालवण्यासाठी ट्रान्सफॉर्मर लागतो. तो कमी क्षमतेचा असेल, तर मोठ्या आवाजाला दाब कोसळतो आणि संच बंद होतो. फार बारीक एक्स्टेन्शन वायरीनेही असाच त्रास संभवतो.

कारण न शोधता रिसीव्हर पुन्हा पुन्हा सुरू करणे मात्र महागात पडते. दर वेळी ट्रान्झिस्टरवर ताण येतो आणि अखेर ते जळतात. क्षमतेबाहेर ताणलेल्या अॅम्प्लिफायरचा विकृत संदेश नाजूक ट्वीटरही जाळू शकतो. पेटी स्वतः उघडण्याचे धाडसही करू नये, कारण आतील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही धोकादायक विद्युतभार शिल्लक असू शकतो. स्पीकर सोडवूनही आणि भिंतीवरील दुसऱ्या सॉकेटमध्ये थेट जोडूनही संच बंद पडत असेल, तर तो जाणकार तंत्रज्ञाकडेच न्यावा. केलेल्या चाचण्या त्याला सांगितल्या, तर त्याचा वेळ आणि आपले पैसे दोन्ही वाचतील.