पाण्याला चकवणारी वाट

उतारावर सायकल मोकळी सोडली की पोटात जो गोळा येतो, तो फुकट मिळतो. आमच्या कॉलनीच्या चढावर तर दिवसातून वीसदा. त्यामुळे जगाच्या पार खालच्या टोकाला एक गाव आहे आणि लोक विमानाचं तिकीट काढून तिथे उतारावरून सायकल सोडायला जातात, असं मी सांगितल्यावर माझ्या पाचवीतल्या भाचीने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मामाला थोडा ताप वगैरे आहे का.

"एवढे पैसे घालून? उतार तर आपल्याकडेपण आहे की, मामा!"

मुद्दा बिनतोड होता. उतार सगळीकडेच असतो. मग त्या गावात असं काय आहे?

गावाचं नाव डर्बी. ऑस्ट्रेलियाच्या नकाशाखाली एक तुकडा घरंगळून पडल्यासारखा दिसतो ना, ते टास्मानिया बेट. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात, रिंगारूमा नदीच्या काठी डर्बी वसलंय. वस्ती जेमतेम दोनशेच्या आसपास. तुमच्या शाळेच्या प्रार्थनेला याहून जास्त गर्दी असते. २०१५ साली गावामागच्या जंगलात सायकलींसाठी खास वाटा खुल्या झाल्या आणि काही वर्षांतच वर्षाला तीसेक हजार पाहुणे यायला लागले. दोनशे यजमान, तीस हजार पाहुणे! एकेका माणसाच्या वाट्याला दीडशे. चहा कुणी करायचा?

पण गर्दी या गावाला नवीन नाही. पूर्वीही तिथे लोक लोटले होते. सायकलीसाठी नाही, कथिलासाठी.

कथील म्हटल्यावर तुमचा चेहरा कोरा झाला असेल, तर आजीकडे जा आणि 'कल्हई' एवढाच शब्द उच्चारा. पितळी भांडं तापवायचं, त्यावर नवसागर टाकायचा, चमकत्या धातूचा तुकडा फिरवायचा, कापसाने भराभर पुसायचं, की आतून भांडं चांदीसारखं लखलखतं. तो चमकता धातू म्हणजे कथील. ते ज्या खनिजातून निघतं ते काळपट-तपकिरी असतं आणि जड, साध्या वाळूच्या अडीच पटींहून जास्त जड. डर्बीच्या परिसरातले ग्रॅनाइटचे डोंगर लाखो वर्षं झिजत राहिले आणि पाण्याने त्यांची माती, वाळू, खनिज असं सगळं खाली आणलं. हलकी वाळू पुढे वाहून गेली आणि जड खनिज नदीच्या तळाशी बसलं. आई तांदूळ धुते तेव्हा खडे तळाला राहतात, तसंच. नंतर ज्वालामुखीचा लाव्हा आला आणि या जुन्या नदीवर बेसॉल्टचं झाकण बसलं. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण.

एकोणिसाव्या शतकात क्रुश्का नावाच्या भावांना इथे कथील सापडलं आणि खाण सुरू झाली. तिचं नाव ठेवलं ब्रिसाइस. हे एका घोडीचं नाव! या ब्रिसाइसने १८७६ सालची मेलबर्न कपची मोठी शर्यत जिंकली होती आणि तिच्या पाठीवर होता बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा. (नाही, तुम्हाला घोडा मिळणार नाही. सायकलवर समाधान माना.) खाणीच्या भरभराटीत डर्बी परिसरात तीन हजारांच्या घरात माणसं होती. चीनहून आलेले कामगारही खूप होते. आणि ते खणायचे कसे माहितीय? पाण्याने. डोंगराच्या कडेकडेने लांबलचक पाट काढायचे, ते पाणी उंचावरून जाड नळीत सोडायचं आणि त्या फवाऱ्याने टेकडीच धुऊन काढायची. माती वाहून जायची, जड खनिज मागे उरायचं. निसर्गाने जे काम लाखो वर्षं केलं, तेच माणसांनी घाईत केलं.

त्या कामासाठी जवळच्या कॅस्केड नदीवर धरण बांधलं होतं. १९२९च्या एप्रिलमध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला, धरण फुटलं आणि लोंढा थेट गावात शिरला. त्यात चौदा माणसं गेली. खाण पुढे काही वर्षं चालली, मग बंद पडली. कामं संपली तशी माणसं निघून गेली आणि दुकानांना टाळी लागली. खाणीचा भलामोठा खड्डा पाण्याने भरून तळं झालं.

त्यानंतरच्या कितीतरी वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. पेंगत बसलेलं गाव होतं ते.

मग शेजारशेजारच्या दोन स्थानिक परिषदांनी ठरवलं की आपल्याकडे डोंगर आहे, जंगल आहे, सायकलींच्या वाटा करून पाहू. साधारण एकतीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलर उभे राहिले. वाटा आखायला क्वीन्सलँडहून ग्लेन जेकब्ज यांच्या कंपनीची माणसं आली. पण आधी हे सांगायला हवं, की डोंगरावर सायकल चालवायची ही खोड मुळात या लोकांची नाही. ती लागली अमेरिकेत. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या टॅमल्पाइस डोंगराजवळ काही तरुण जाड टायरांच्या जुन्यापुराण्या सायकली घेऊन कच्च्या रस्त्याने सुसाट खाली यायचे. पेडल उलटं फिरवलं की लागणारे ब्रेक इतके तापायचे, की आतल्या ग्रीसचा धूर निघायचा. खाली पोचलं की चाकाचा हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. म्हणून १९७६ पासून भरू लागलेल्या त्यांच्या शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हा भर'. हा खेळ पुढे १९९६ मध्ये ऑलिंपिकमध्येही पोचला. पण ती मंडळी होता तो रस्ता वापरत होती. डर्बीत रस्ता सायकलीसाठी जन्माला घालायचा होता.

आणि इथे गाठ पडते पुन्हा पाण्याशीच.

भाचीला हे तोंडी सांगून पटेना. आमच्या शेजारी इमारतीचं काम चालू आहे आणि वाळूचा ढीग गेटपाशीच पडलेला. वॉचमनकाकांची परवानगी घेतली ("ढीग सपाट करू नका म्हणजे झालं!") आणि एक तांब्या पाणी घेऊन आम्ही कामाला लागलो. वाळू थापून घट्ट केली. आधी तिने बोटाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत सरळ रेघ ओढली. सगळ्यात जवळची वाट! मी माथ्यावर हळूच पाणी सोडलं. पाणी आलं, त्या रेघेत शिरलं आणि बाहेर पडेचना. खाली येता येता वेग घेतला, कडा ढासळल्या, बोटाएवढी रेघ मनगटाएवढी झाली, आणि पायथ्याशी वाळूचा पंखा पसरला.

"वाटेचा ओढा झाला," ती म्हणाली.

अगदी तेच होतं. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याला ढकलता येणारा गोटा दुप्पट जड नसतो, सुमारे चौसष्ट पट जड असतो! दोनला दोनने पाच वेळा गुणत बसा, येईल. म्हणून सरळ उताराची वाट दोनचार पावसाळ्यांत घळ होते. आपल्याकडे डोंगरावर पाणी अडवायला उताराला आडवे, समपातळीत चर खणतात, ते पाहिलेत? त्यात पाण्याला पळायला उतारच मिळत नाही. सायकलीची वाट तशी अगदी सपाट ठेवून चालत नाही, कारण खाली तर यायचंय. मग ती डोंगराच्या अंगावरून तिरकी, वळसे घेत उतरवायची. वाटा आखणारे साधारण हिशोब असा धरतात, की शंभर मीटर वाटेत सरासरी दहा मीटरच्या वर चढउतार नको, आणि वाटेचा उतार शेजारच्या डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नको. शिवाय वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली ठेवायची, म्हणजे पाणी तिच्यावरून आडवं निसटून जातं, तिच्यातून पळत नाही.

उतार मोजायला तुम्हीही यंत्र करू शकता. कंपासमधला कोनमापक, दोरा आणि दोऱ्याला बांधलेला एक नट. झालं.

पण माझी सर्वांत आवडती युक्ती पुढेच आहे. कितीही तिरकी काढली, तरी लांब वाटेवर थोडं पाणी साचत साचत पळायला लागतंच. म्हणून दर थोड्या अंतराने वाट थोडी खाली बुडवायची आणि लगेच थोडी वर उचलायची. रस्त्यातल्या अशा खोलगट जागेला गावाकडे 'लवण' म्हणतात. पाणी लवणात येतं, पुढे चढ असल्यामुळे अडतं आणि बाजूने जंगलात निघून जातं. पाण्याला चकवण्यासाठी केलेली ही लवणं. आणि त्यावरून सायकल गेली की काय होतं? वर-खाली, वर-खाली, पोटात गोळा! म्हणजे लोक ज्या मजेसाठी विमानाने येतात, तिच्यातली बरीचशी मुळात पाण्याचा निचरा आहे. मला हे कळलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो.

सराईत सायकलस्वार तर या लवणांवरून पेडल न मारता वेग वाढवतात. खोटं वाटतं? मग झोपाळ्यावर उभं राहून पाहा. खाली येताना गुडघे वाकवलेले, तळाशी आलात की ताठ, मागून कुणी ढकलत नाही तरी झोका चढतच जातो. सायकलवरही तेच. खोलगटात हातापायांनी सायकल खाली दाबायची, उंचवट्यावर अंग हलकं करून तिला वर येऊ द्यायचं.

आणि वळणं? ती बाहेरच्या बाजूने उचललेली असतात, वाटीच्या कडेसारखी. त्याला 'बर्म' म्हणतात. जत्रेत 'मौत का कुआं' पाहिला असेल, तर भिंतीवर गाडी कशी टिकते ते तुम्हाला ठाऊकच आहे. सपाट मातीत जोरात वळलं तर चाक घसरतं, कारण आडवं धरायला फक्त घर्षण असतं. बर्मवर जमीनच तुम्हाला वळणाच्या आतल्या बाजूला ढकलते. ब्रेक कमी लागतात, म्हणून मातीही कमी उकरली जाते.

छोटे जेसीबी, कुदळी, फावडी आणि दाताळी घेऊन अशा वाटा डर्बीच्या जंगलात कोरल्या गेल्या. आता त्यांची लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. नावं तर वाचा: एक 'क्रुश्काज', त्या कथीलवाल्या भावांवरून. एक 'डॅम बस्टर्स', फुटलेल्या धरणाच्या आठवणीने. 'डिटोनेट' नावाच्या वाटेवर ग्रॅनाइटच्या दोन दांडग्या खडकांच्या मधून एवढ्या चिंचोळ्या फटीतून जावं लागतं, की हँडल घासेल असं वाटतं. हिरवा गोल म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड अशा खुणा असतात. निळ्यावर जमलं म्हणून लगेच काळ्यावर जायचं नाही. हिरा आहे, लाडू नव्हे.

ब्लू टियर नावाच्या डोंगरावरून सुटणारी एक वाट माथ्यावरच्या उघड्या माळावरून निघते आणि छत्रीएवढ्या वृक्षनेच्यांच्या ओल्या जंगलातून वीसेक किलोमीटर खाली उतरते. एक त्याहून लांब वाट तर डोंगरावरून निघते ती थेट समुद्रकिनाऱ्यावर संपते. या जंगलांत वॉम्बॅट नावाचा गुबगुबीत प्राणी राहतो आणि त्याची शी चौकोनी असते. हो, चौकोनी. लेखाशी संबंध नाही, पण हे माहीत असून न सांगणं मला जमलं नसतं.

२०१७ आणि २०१९ मध्ये जगभरातले पट्टीचे सायकलपटू डर्बीत शर्यतीला आले. पाहुण्यांना झोपायला खोल्या हव्यात, खायला गरम काहीतरी हवं, तुटलेली चेन जोडून हवी, आणि सायकलसकट डोंगरावर सोडणारी गाडी हवी. मग टाळं लावलेली दारं उघडू लागली. खाणीच्या तळ्यावर आता तरंगती वाफेची खोली आहे. अंग घामाघूम झालं की थेट तळ्यात उडी! सगळंच गोड झालं असं नाही. घरं महागली, आणि भाड्याने राहणाऱ्या गावकऱ्यांची पंचाईत झाली. वाटांजवळची झाडं तोडायची की नाही, यावरून प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

इकडे आमच्या ढिगावर भाचीने दुसरी वाट काढली होती. तिरकी, पाच वळसे, वळणांवर थापलेले चिमुकले बर्म, मधे मधे लवणं. त्यावरून गोटी सोडली, तर ती वळणं घेत अशी ऐटीत खाली आली, की वॉचमनकाकाही खुर्ची सोडून पाहायला आले. तांब्याभर पाणी सोडलं, वाट शाबूत राहिली. रात्री पाऊस आला.

सकाळी शाळेच्या बसआधी ती दात घासतच खाली धावली. मी गॅलरीतून पाहत होतो. सरळ रेघेच्या जागी आता कोपरभर रुंद घळ झाली होती. तिरकी वाट जवळपास सगळी जागच्या जागी होती. फक्त तिसऱ्या आणि चौथ्या वळणाच्या मधे ती कापली गेली होती. भाची उकिडवी बसली, बोटाने अंतर मोजलं आणि तोंडात ब्रश तसाच ठेवून वर ओरडली,

"मामाऽऽ! इथे लवण घ्यायचं राहिलं!"