टार्टनच्या आधीचा वारसा

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात, चार्ल्स्टन शहरातल्या मीटिंग स्ट्रीटवर जोडमनोऱ्यांचं एक जुनं चर्च आहे. शहरात त्याला 'फर्स्ट स्कॉट्स' म्हणतात. 1731 साली बारा स्कॉटिश कुटुंबं गावातल्या दुसऱ्या एका मंडळीतून बाहेर पडली आणि त्यांनी आपली वेगळी प्रेस्बिटेरियन मंडळी उभी केली. आजची इमारत 1814ची. तिच्या लोखंडी जाळ्यांत स्कॉटलंडचं काटेरी थिसल गुंफलेलं आहे आणि दारावरच्या रंगीत काचेत पेटलेलं, तरीही भस्म न होणारं झुडूप आहे, म्हणजे चर्च ऑफ स्कॉटलंडची मुद्रा.

अमेरिकेत अशा मंडळ्या गावोगावी आहेत आणि त्यांच्या वर्धापनदिनाचा थाट आता जवळपास ठरून गेला आहे. शनिवारी जुने फोटो नि दप्तरं मांडायची, एकत्र जेवायचं, मंडळीचा इतिहास सांगायचा. रविवारी मात्र बॅगपाइप. किल्ट घातलेला वादक पुढे चालतो, मागून एकेका घराण्याचा टार्टन कापडाचा झेंडा मधल्या वाटेने वेदीपर्यंत येतो, आणि पाळक त्या कापडांवर, म्हणजे खरं तर त्या घराण्यांवर, आशीर्वाद मागतात. या विधीचं नाव 'कर्किन ओ' द टार्टन'.

हा विधी शेकडो वर्षांचा असेल असं पाहणाऱ्याला हमखास वाटतं. तो आहे 1941चा, आणि जन्मला वॉशिंग्टनमध्ये. तिथल्या न्यूयॉर्क अव्हेन्यू प्रेस्बिटेरियन चर्चचे पाळक होते पीटर मार्शल. कोटब्रिज या स्कॉटलंडमधल्या कारखान्यांच्या गावी 1902 साली जन्मलेला हा माणूस 1927 मध्ये अमेरिकेत आला आणि दहा वर्षांत राजधानीतल्या त्या नामांकित चर्चपर्यंत पोचला. अब्राहम लिंकन अध्यक्ष असताना उपासनेला जात ते हेच चर्च. 1941च्या वसंतात ब्रिटनवर बॉम्ब पडत होते आणि अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती. ब्रिटनसाठी मदत उभी राहावी, इथल्या स्कॉटिश वंशजांना आपल्या मुळांची आठवण व्हावी, म्हणून मार्शल यांनी टार्टनच्या आशीर्वादाची उपासना घेतली. पुढे ते अमेरिकी सिनेटचे चॅप्लेन झाले आणि 1949 मध्ये, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांचा विधी मागे राहिला. वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलपासून लहान गावांतल्या चर्चपर्यंत तो पसरला.

त्याबरोबर एक दंतकथाही पसरली. 1746मध्ये स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईत जेकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत राजघराण्याच्या बंडखोर पाठीराख्यांचा, पराभव झाला, ब्रिटिश सरकारने टार्टनवर बंदी घातली, तेव्हा डोंगराळ भागातले लोक कापडाचा तुकडा कपड्यांत लपवून चर्चमध्ये नेत आणि आशीर्वादाच्या क्षणी गुपचूप त्याला हात लावत, अशी ती गोष्ट. बंदी खरी होती. पहिल्यांदा पकडला गेला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं सागरापार रवानगी. 1782 मध्ये कायदा रद्द झाला. पण तो पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या पोशाखाला लागू होता, बायकांना नव्हता. आणि सरकारी सैन्यातल्या डोंगरी पलटणी त्या काळातही टार्टन घालतच होत्या. लपवलेल्या तुकड्यांना समकालीन पुरावा नाही. शिवाय बंडात उतरलेल्या घराण्यांत एपिस्कोपल आणि कॅथलिक जास्त होते. प्रेस्बिटेरियन किर्क, म्हणजे स्कॉटलंडचं चर्च, बहुतांशी सरकारच्या बाजूने उभी होती. एका घराण्याचं एक टार्टन हा काटेकोर हिशेबही प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातला. 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्या स्वागताचा देखावा रचला, आणि जो तो आपलं टार्टन शोधू लागला.

म्हणून हा विधी खोटा ठरत नाही. युद्धाच्या काळात दूरच्या माणसांसाठी पैसे आणि प्रार्थना गोळा करणं हे पूर्ण खरं काम होतं, आणि ज्या हेतूने ते सुरू झालं तो आजही सांगण्यासारखा आहे. फक्त या झगमगाटात त्या मंडळ्यांचा जास्त जुना, जास्त स्वतःचा वारसा झाकला जातो. तो वारसा म्हणजे वर्धापनदिनाचं खुद्द ते शनिवार-रविवारचं 'वीकेंड'.

जुन्या स्कॉटलंडमध्ये प्रभुभोजन दर रविवारी नसे. बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदा, फार तर दोनदा. पण तो सोहळा गुरुवारी सुरू होई आणि सोमवारी संपे: गुरुवारी उपास, शनिवारी तयारीचा उपदेश, रविवारी भोजन, सोमवारी उपकारस्तुती. आसपासच्या गावांतून माणसं चालत येत आणि घराघरांत, कोठारांत मुक्काम करत. चर्चमध्ये मावेनासे झाले की उपदेश मोकळ्या मैदानात. 1742 मध्ये ग्लासगोजवळच्या कँबुसलँगला असा सोहळा झाला तेव्हा हजारोंची गर्दी लोटली. स्थलांतरितांनी ही रीत अमेरिकेत नेली. केंटकीतल्या केन रिजला ऑगस्ट 1801 मध्ये जी प्रचंड धर्मजागृती झाली, तिची सुरुवात अशाच प्रभुभोजनाच्या सोहळ्यातून झाली.

या सोहळ्यात कुणीही उठून मेजाशी बसू शकत नसे. मंडळीचे वडील घरोघरी जात, धर्मप्रश्नोत्तरीतले प्रश्न विचारत, शेजाऱ्याशी भांडण असेल तर आधी मिटवायला लावत. मग पात्र माणसाच्या हातावर एक टोकन ठेवलं जाई. बहुधा शिशाचं, साच्यात ओतलेलं, नाण्याएवढं. कधी चौकोनी, कधी गोल, कधी लंबगोल. त्यावर गावाच्या नावाची अक्षरं, पाळकाची आद्याक्षरं, एखादं साल. शिसं मऊ, त्यामुळे हाताळून कडा गुळगुळीत होत. रविवारी पांढरं कापड अंथरलेल्या लांब मेजांशी माणसं पाळीपाळीने बसत आणि वडील टोकन परत गोळा करत. राजा असो की गुराखी, टोकनाशिवाय भाकर नाही, हा त्यामागचा दंडक. फर्स्ट स्कॉट्सची मंडळी सधन होती. तिने 1800 साली चांदीची टोकनं करून घेतली.

मराठी ख्रिस्ती वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. फोर्टमधलं सेंट अँड्र्यूज चर्च 1819 साली मुंबईतल्या स्कॉट लोकांसाठी उभं राहिलं. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले आणि 1832 साली त्यांनी सुरू केलेल्या शाळेतून विल्सन कॉलेज वाढलं. पाळकाच्या बरोबरीने निवडलेल्या वडिलांनी मंडळीचा कारभार पाहायचा, ही प्रेस्बिटेरियन पद्धत या स्कॉट लोकांसोबतच इकडे आली.

चार्ल्स्टनला फर्स्ट स्कॉट्सच्या वर्धापनदिनी ही टोकनं आणि सभासदांची जुनी पुस्तकं झेंड्यांच्या आधी मांडली जावीत. कारण त्या शहराच्या चर्चांतल्या जुन्या मंडळ्यांत गुलामगिरीत जखडलेली काळी माणसंही होती. ती वरच्या गॅलरीत बसत, त्याच देवाचं तेच भोजन घेत, आणि त्यांना टार्टनचा झेंडा नव्हता. मंडळीचा इतिहास सांगायचा तर तो यांच्याशिवाय पुरा होत नाही. घराण्यांच्या मिरवणुकीत मात्र त्यांना जागा मिळायची कशी? अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा भागही असाच पूर्ण सांगायला हवा. 1862 मध्ये फर्स्ट स्कॉट्सने आपली घंटा दक्षिणेच्या बंडखोर सरकारला देऊन टाकली. त्यानंतर मनोरा सव्वाशेहून अधिक वर्षं मुका होता. 1999 मध्ये तिथे इंग्लंडमध्ये ओतलेली, 1814ची घंटा चढली.

टार्टनपुरतं बोलायचं तर वाट आता मोकळी आहे. टार्टन म्हणजे ताण्या-बाण्यात एकाच क्रमाने येणारे रंगीत धागे. हा क्रम ठरला की नमुना ठरला. स्कॉटलंडच्या संसदेने 2008 मध्ये कायदा केला आणि पुढच्या वर्षापासून तिथल्या सरकारी नोंदवहीत कुणालाही, कुठल्याही वंशाच्या माणसाला किंवा संस्थेला, नवा नमुना नोंदवता येतो. स्कॉटलंडमध्ये स्थायिक झालेल्या शिखांचं 'सिंग' टार्टन तर त्याआधीच, 1999 मध्ये तयार झालं होतं. मंडळीला हवं असेल तर तिने स्वतःचा नमुना काढावा, वरच्या गॅलरीतल्या माणसांच्या वंशजांना रंग निवडायला बोलवावं, आणि पुढच्या वर्धापनदिनी तो झेंडा सगळ्यांच्या पुढे चालवावा.